सरांचा बदल मंजूर करणेबाबत

विषय — सरांनी केलेला बदल मुख्य फाइलीत घेणेबाबत. संदर्भ — तू स्वतः, दारात उभी. बस की. सरांनीच पाठवलंय ना? 'मॅडमना म्हणावं, एक बटण दाबा' — असंच म्हणाले असणार. दुसऱ्यानं करायचं असलं की प्रत्येक काम त्यांना एका बटणाचं वाटतं.

आलीच आहेस तर शिकून घे. व्हर्जन कंट्रोल म्हटलं की नवी मुलं भूत बघितल्यासारखी करतात — तसं काही नाही गं. काम एकच, पण प्रत्येकाची प्रत वेगळी. तुझ्या प्रतीत हवा तेवढा गोंधळ घाल, मुख्य फाइलीला धक्का लागत नाही. झालं की अर्ज करायचा, माझा बदल आत घ्या. दुसऱ्यानं वाचून हो म्हटलं की आत. आणि कोणी काय केलं, ते कायमचं राहतं. सोपंय ना? पूर्वी इथे काय होतं? 'फायनल', 'नवी फायनल', 'हीच फायनल' — आणि सगळ्या सरांच्या पेनड्राइव्हवर! चिखलातल्या किड्यांची माझी वर्षभराची मोजणी — गुडघाभर चिखलात उभी राहून केलेली — तिच्यावर सरांनी स्वतःची जुनी फाइल चढवली. 'अरेरे, गेली,' म्हणाले. गेली कुठे? त्यांच्या पुढच्या लेखात! शेवटी माझे आभार मानलेत हो — टायपिंगसाठी.

भांडले? छे. ही पद्धत आणली. सर खूश, पाहुण्यांना दाखवायला बरी. नियमही त्यांनीच वाचून दाखवला — 'दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय कोणाचाही बदल आत जाणार नाही, माझासुद्धा!' टाळ्या पडल्या. हा दुसरा कोण, ते कुणी विचारलंच नाही. मी हो, मी.

सरांचा नवा लेख पाठवायची मुदत आज संध्याकाळची, ठाऊक आहे. बदल बरोबर आहे, तेही ठाऊक आहे — चुकीचा असता तर लगेच परत पाठवला असता, सुटले असते बिचारे. बरोबर असलेली गोष्ट अडवून धरायला जरा — काय म्हणालीस? या लेखात तुझंही नाव आहे? पहिलंच?

...असेल. माझंही असणार होतं — त्या किड्यांच्या लेखात.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा, सरांना सांग, मॅडम नवशिक्यांना शिकवतायत. आणि अर्जाचं विचारलं तर सांग — प्रलंबित आहे. दार ओढून घे.