शिशाला गजऱ्याचा दोरा

(भाट्याच्या खाडीवरचा जुना धक्का, उन्हं कलती. पाण्यावर पाय सोडून तिघं बसली आहेत : म्हातारे महिपत आबा, पाचवीतली सानिका आणि सुट्टीला चिपळूणहून आलेला तिचा मामेभाऊ शुभंकर. तूही बस त्यांच्या शेजारी, आणि आबा सांगताहेत तसे डोळे मीट.)

आबा : मिटलेस? शुभंकर, तू पण. एक डोळा उघडा ठेवून चालत नाय. आता समजा, तुम्ही शिशाची गोळी आहात. वरून कुणीतरी सोडलं तुम्हांला पाण्यात. कुठे चाललात?

सानिका : खाली.

आबा : सरळ खाली?

सानिका : नाही. भरतीचं पाणी ढकलतंय. पुलाकडे.

शुभंकर : मी टेकलो, आबा. मी जड आहे.

आबा : ते दिसतंय. टेकलास तो चिखलात रुतलास. तुझ्या वर हातभर अंतरावर कोळंबी लोंबतेय. मासा येऊन तिला चाटून गेला, तुला काय कळलं?

शुभंकर : काहीच नाही.

आबा : मग तू घरी. सानिका, तू कुठे आहेस?

सानिका : अजून वाहतेच आहे. पुलाखालून गेले.

आबा : तू पण घरी. मग शिसं कसं हवं गो?

सानिका : टेकेल एवढं जड. आणि रुतणार नाही एवढं हलकं.

आबा : उघडा डोळे. हे कळायला तुझ्या आजोबाला दोन पावसाळे लागले. तुला एक दुपार लागली.

सानिका : आणि तुम्हांला?

आबा : मला तीन. तुझा आजोबा, भिकाजी, सगळ्यांना सांगत फिरायचा.

शुभंकर : आबा, पण याचे ग्रॅम ठरलेले असतात. हा बघा माझा बॉक्स. सात, दहा, चौदा, एकवीस. याला ड्रॉप शॉट म्हणतात. शिसं सगळ्यात खाली, गळाची गरी वर. अमेरिकेत बास पकडतात असं. मी तीस व्हिडिओ बघितलेत.

आबा : बास म्हणजे?

शुभंकर : मासा. तळ्यातला, गोड्या पाण्यातला.

आबा : आणि शिसं खाली, गरी वर?

शुभंकर : हो. एकदम नवीन पद्धत आहे.

आबा : भिकाजी वर गेला त्याला बारा वर्षं झाली. तो अशीच बांधायचा. अमेरिकेला कुणी सांगितलं कोण जाणे.

सानिका : आजोबांचा कुणी मित्र गेला असेल बोटीवर.

आबा : असेल. तो बोलघेवडा होताच. बरं शुभंकर, यातलं आज कुठलं घ्यायचं?

शुभंकर : एकवीस. सकाळपासून तेच लावलंय.

आबा : आणि किती मासे?

शुभंकर : एक पिशवी. दुधाची.

आबा : आज तिथी काय, सानिका?

सानिका : अष्टमी. आई सकाळी म्हणाली.

आबा : म्हणजे भांग, मंद भरती. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, तेव्हा पाणी धावतं. तेव्हा लागतं सुपारीएवढं शिसं. आज अष्टमी, आज पाणी नुसतं चालतंय. आज चिंचोक्याएवढं पुष्कळ. तुझ्या बॉक्सातलं ते दहावालं बघू? हं. हेच. काय सुबक केलंय रे. पण वरती ही बारीक फट कसली?

शुभंकर : त्यात तंगूसची दोरी नुसती अडकवायची, गाठ मारायची नाही. शिसं दगडात अडकलं की ओढायचं. तंगूस फटीतून सुटते.

आबा : म्हणजे शिसं जातं आणि गरी परत येते. वा. ज्यानं केलं त्याला एक मासा द्यायला हवा. सानिका, ऐकलंस का?

सानिका : ऐकलं.

आबा : मग तोंड का पाडलंस?

सानिका : काही नाही.

शुभंकर : मी सांगतो. तिच्या आजोबांच्या डबीत सहा गऱ्या होत्या. मे महिन्यात तिनं पाच घालवल्या. आता एकच राहिलीय. मला सकाळी डबीला हातसुद्धा लावू दिला नाही.

सानिका : लावायचा नाहीच. आबा, ती शेवटची आहे. ती मी टाकणार नाही. आज शुभंकरची गरी लावू.

आबा : लाव की. दाखव रे तुझी गरी. ही? केवढी जाड. सानिका, कोळंबी बघ तुझी, करंगळीएवढी. तिच्यात ही घातलीस तर काय होईल?

सानिका : मरेल.

आबा : आणि मेलेली कोळंबी खायला तांबोशीसारखा मोठा मासा येत नाय, चिंबोऱ्या-खेकडे येतात. गरी माशाचं तोंड बघून घेतात सगळे. मी म्हणतो, आधी कोळंबी बघा. ती पाण्यात पोहत राहिली पाहिजे, तिला वाटलं पाहिजे की आपण फिरायला आलोय. आता डबी उघड. मी हात लावत नाय, तूच धर. नखावर टोक टेकव आणि हळू ओढ.

सानिका : सरकत नाही. नखाला धरून बसलीय.

आबा : बारा वर्षं डबीत पडून अजून धरतेय, एवढी धार. एरंडेलात बुडवून ठेवायचा तो. कानस घेऊन पडवीत बसायचा. एकेका गरीला अख्खी दुपार. आम्ही हसायचो, मासे आम्हांला जास्त मिळायचे. मोठे मात्र त्याला.

सानिका : म्हणूनच नाही टाकायची.

आबा : पाच कशा गेल्या, ते सांग. मी रागवत नाय.

सानिका : सगळ्या तशाच. शिसं खालच्या दगडांत अडकलं. मी ओढलं. तंगूस वरून तुटली, गरी शिशाबरोबर राहिली.

आबा : शिसं कशानं बांधलेलं?

सानिका : त्याच तंगूसनं. बाबांची गाठ मारून. बाबा म्हणतात, ही गाठ जहाजसुद्धा धरून ठेवते. कधी सुटत नाही.

आबा : तुझ्या बाबानं, गुरुप्रसादनं, शिकवली ती गाठ लाखात एक आहे. मी बघितलीय तुझी. बोटीवर मारलीस तर कप्तान शाबासकी देईल. पण तुला जहाज धरायचंय का?

सानिका : नाही.

आबा : मग? हे घे. वास घे.

सानिका : हा गजऱ्याचा दोरा आहे.

आबा : तुझी आजी, सावित्रीवहिनी, रोज अबोलीचा गजरा करायची. आणि रोज विचारायची, माझा दोरा जातो कुठे. वीस वर्षं विचारलं. तो इथे तळाला जायचा. गरीला भिकाजी तुझ्या बाबांसारखी पक्की गाठ मारायचा. शिशाला फक्त हा, एकच पदर. सगळ्या गाठी पक्क्या मारल्यास, तर काय तुटायचं ते दगड ठरवतो. एक कच्ची ठेवलीस, तर तू ठरवतेस.

शुभंकर : म्हणजे माझ्या शिशाची फट.

आबा : तेच. मी पाणी बघतो जरा. सानिका, टाकायची की नाय आणि कशी बांधायची, तुझं तू ठरव.

शुभंकर : टाकतेयस? खरंच? दोन पदर घे ना गं, सेफ राहील.

सानिका : बोलू नकोस. कोळंबी दे.

शुभंकर : ही घे. अजून उड्या मारतेय.

सानिका : आबा, सोडली.

आबा : हं. टेकलं का?

सानिका : टेकलं. तंगूस सैल झाली. बोटाला कळलं.

आबा : आता जरा ताण. शिसं उचलायचं नाय, नुसतं त्याला सांगायचं, मी आहे म्हणून.

सानिका : टक टक होतंय.

आबा : ती कोळंबी. घाबरलीय. म्हणजे कुणीतरी बघतंय तिला. थांब.

सानिका : आबा.

आबा : थांब.

सानिका : ओढलं, आबा. जोरात ओढलं.

आबा : आता घे. घे. दगडाकडे जायला देऊ नकोस.

सानिका : गेला. अडकलं. शिसं दगडात अडकलं.

शुभंकर : झालं. सहावी.

आबा : गप रे. वर मासा आहे का, सानिका?

सानिका : धडपडतोय. हाताला कळतंय.

आबा : मग ओढ.

सानिका : गरी जाईल.

आबा : पदर किती घेतलेस?

शुभंकर : सांग ना गं.

सानिका : एक. दोन घेतले होते. मग एक सोडला.

आबा : मग ओढ, बाय. भिऊ नकोस.

सानिका : सुटलं.

शुभंकर : काय सुटलं?

सानिका : शिसं. शिसं सुटलं. मासा आहे. आबा, मासा आहे अजून.

आबा : हळू. त्याला दमू दे. शुभंकर, टोपली खाली घे, आणि पाण्यात पडू नकोस, दोघांना काढायला माझ्याकडे दोरा नाय.

शुभंकर : आली. आबा, तांबोशी. लालभडक. अर्धा किलो तरी असेल. सानिका, अगं बघ तरी.

सानिका : बघतेय.

शुभंकर : तू गरीकडे बघतेयस.

आबा : मी पण तिकडेच बघतोय. ओठाच्या कोपऱ्यात कशी बसलीय बघ. मी साठ वर्षं गरवतोय, पण वर मासा असताना पहिल्याच वेळी एका पदरावर भरवसा ठेवला नव्हता मी. तुझ्या आजोबानंसुद्धा नाय. तो तर डोळे मिटून ओढायचा.

सानिका : मी पण मिटले होते.

आबा : मग बरोबर आहे.

शुभंकर : दे, डबी उघडून देतो. सॉरी, हात नाही लावत. तूच ठेव.

सानिका : थांब, नखावर बघू दे. धरतेय अजून. आबा, दोरा द्या.

आबा : एवढ्यात? मासा घेऊन घरी पळायचं नाय?

सानिका : पाणी अजून चालतंय. शुभंकर, दहावालं दुसरं आहे का?

शुभंकर : हे घे. फटीत अडकवू?

सानिका : नको, मी बांधते. झालं. आता बोट पुढे कर. तंगूस अशी घ्यायची, बोटावरून. कोळंबी मी लावलीय. टाक.

शुभंकर : मी? ही? सकाळी डबीला हात लावू देत नव्हतीस. गेली तर?

सानिका : गेलं तर शिसं जाईल. टाक तू.