कोनाड्यातली राखणदार

मंडळी, आज एकच सवाल. कुणी आपल्यावर उपकार केला, तर त्याला बसवावं कुठं? पाटावर? कोनाड्यात? घाई करू नका, आधी ऐका!

मिरजेत हौसाक्का म्हणून बाई. नवरा निवृत्तीअण्णा तंबोरे घडवायचे. अण्णा गेले, तेव्हा शेवटचा तंबोरा पुरा झाला होता, फक्त तारा चढवायच्या राहिल्या होत्या. अक्कांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि तळघरात गादीवर निजवला. का तळघरात? वर पत्रा तापतो, भोपळा तडकतो. तळघर गार! तारा मात्र चढवल्या नाहीत. हात धजेना.

पण तळघराला लागूनच नळाची लाईन. मागल्या साली ती ठिबकली आणि तंबोऱ्यासाठी ठेवलेले चार भोपळे कुजले. मग सून रेवतीनं एक डबी आणली. केवढी? तुमच्या तंबाखूच्या डबीएवढी! हसू नका काका, तुमच्याकडे बघून नाही म्हटलं! ही डबी फरशीवर ठेवायची. बुडाशी पाणी लागलं की ती किंचाळते, रेवतीच्या फोनवर निरोप धाडते, आणि नळाचा कॉक आपोआप बंद करते!

अक्का म्हणाल्या, "ही एवढीशी राखण करणार व्हय?"

सासू ती! सुनेनं आणलेलं पहिल्या दिवशी आवडलं, तर सासूपण राहील का?

आणि एके दुपारी तळघरात कळशी लवंडली. डबी किंचाळली! कॉक बंद! सांगलीच्या बँकेतून रेवतीचा फोन, "आत्याबाई, खाली पाणी झालंय का?" अक्का थक्क. डबीला हात जोडून म्हणाल्या, "बाई गं, तू तर माझ्या लेकीवाणी!"

पुढं खंडेनवमी आली. कारागिराचं घर, अण्णांमागंही काम चालूच — रंधा, पटाशी, करवत, सगळी हत्यारं पाटावर मांडली. अक्का म्हणाल्या, डबी पण हत्यारच की! तिलाही पाट, हळदकुंकू, झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी रंधा गेला कामाला, करवत गेली कामाला. आणि डबी? "एवढी गुणाची, तिला पायाखाली कुठं ठेवू?" म्हणून अक्कांनी ती तळघराच्या कोनाड्यात बसवली. रोज सकाळी उदबत्ती!

काय चुकलं हो अक्कांचं? प्रेमच केलं ना? बघा आता!

दिवाळीच्या तोंडावर, सकाळी नळाला पाणी आलं आणि लाईनचा सांधा सुटला. अक्का मंडईत. पाणी तळघरात! आणि रेवतीचा फोन काय सांगतोय? सगळं कोरडं! खोटं नाही हो बोलला. कोनाडा कोरडाच होता!

अक्का आल्या, उदबत्ती घेऊन खाली उतरल्या — पाय घोट्याच्या वर पाण्यात! समोर अण्णांचा तंबोरा तरंगतोय, भिंतीला धडकतोय. सरसानं जोडलेलं लाकूड ते, भिजलं की सुटतं! अक्कांनी उदबत्ती टाकली, तंबोरा लेकरासारखा छातीशी धरला. वर धावल्या, हातानं कॉक आवळला, फोन लावला.

"रेवती, पाणी गं!"

"अहो, फोनवर तर काहीच नाही! डबी कुठंय?"

"कोनाड्यात. कुंकू लावून."

मग रेवती म्हणाली, "आत्याबाई, तिला खालीच बरं असतं हो. तंबोरा धरलात ना? सावलीत पुसून ठेवा, मी निघालेच."

एका शब्दानं टाकून बोलली नाही, मंडळी! अशी सून लाभणं हे केवढं भाग्य!

तंबोऱ्याचा एकच सांधा उकलला होता. अक्कांनी स्वतः सरस तापवला, सांधा बसवला. मग डबीच्या बुडाचं कुंकू पुसलं आणि तिला फरशीवर ठेवलं. उठताना म्हणाल्या, "रेवती, डबी कोनाड्यात बसवली मी. आणि ह्यांचा तंबोरा लुगड्यात. दोघांचं काम मीच थांबवलं गं." रेवतीनं तारांचं भेंडोळं पुढं केलं. रडत रडत अक्कांनी तारा चढवल्या.

आता तुमच्याकडे येतो! घरात वेळेवर ओरडणारी एखादी सून असेल, म्हातारा बाप असेल. संतांची पोथी तर आहेच — लाल फडक्यात, सगळ्यात वरच्या फळीवर! फूल वाहिलंत, बरं केलंत. पण पाणी शिरतं कुठं? खाली, रोजच्या जगण्यात! तिथं उतरवा तिला. ज्याचे उपकार आहेत, त्याचं ऐकत जा हो!

आणि मघापासून माझ्यामागं हा तंबोरा झंकारतोय ना? अण्णांचाच तो. तारा छेडतायत त्या हौसाक्का, शेजारी टाळ घेऊन रेवती. अक्का, सूर धरा! मंडळी, ह्या सुरात सूर मिसळून, उपकार आठवून, मोठ्यानं नाम घ्या!