फणसाच्या पेटीतला कॉम्प्युटर

लांज्याच्या एसटी स्टँडवर कुंदाशेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर फणसाच्या लाकडाची कोरीकरकरीत पेटी, आणि कुंदाचे कान टवकारलेले!

“कॉम्प्युटरचा पत्रा खाऱ्या वाऱ्यानं गंजला ना, आता आतले सगळे पार्ट हिच्यात बसवतो. उद्या आपला क्लास सुरू!”

“सुतारानं झाकण झकास बसवलंय हो.”

“मुंगी शिरायची नाही. वारासुद्धा नाही!”

“पण आत पंखा आहे म्हणालात ना?”

“आहे तर! गरम हवा बाहेर टाकतो.”

“कुठून?”

नवऱ्यानं पेटी चहूबाजूंनी फिरवून पाहिली.

“खालूनही बघा.”

“हसू नको गो! सुतार घरी गेला असेल काय?”

“उठा, धावा! नाहीतर उद्या पोरांसमोर मलाच विंझणा घेऊन तुमच्या कॉम्प्युटरला वारा घालावा लागेल.”