रविवारी काही जळत नाही

अन्याय झालाय तो सुलभा मोहिते यांच्यावर, गेल्या मंगळवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, इंद्रलोक टॉवरच्या मागच्या चाळीत. त्यांच्या पिको-फॉलच्या मशिनीचा बोर्ड तिसऱ्यांदा जळला. पुढचे शब्द त्यांचेच; मीटर घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा मी ते लिहून घेतले.

मी मूळची गुहागरकडची, तिकडे आमचा बल्ब म्हणजे काजवा, त्यामुळे कमी व्होल्टेज मला पाठ आहे, पण इकडे काय सांगू तुला पोरी, भर उन्हात पंखा असा गरगरतोय की भिंतीवरचं कॅलेंडर फाटेल, आणि मशिनीतून जळका वास. मालक गेल्यापासून ह्या मशिनीवरच घर चालतंय, ती बंद म्हणजे चूल बंद. समोरच्या टॉवरच्या गच्चीवर सोलर बसलं तेव्हापासूनच हे. टॉवरच्या सेक्रेटरीकाकांना म्हटलं तर म्हणाले, काकू, सूर्य काय तुमच्याच खोलीवर रुसलाय? आम्ही तर वीज देतोय. मला पण पटलं हो, सोलर चांगलंच ना, मग जळतं कसं?

वायरमनला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा रविवारी, कारण बाकी दिवस साड्यांतून डोकं वर निघत नाही. तो बोलला, भाभी, व्होल्टेज एकदम बराबर है, आपकी मशीन बुड्ढी है. मी म्हटलं, मशीन बुड्ढी की तुझा मीटर? तरी त्याच्याकडून आकडे लिहून घेतले आणि वीज कार्यालयात तक्रारीला जोडले. साहेब म्हणाले, व्होल्टेज ठीक आहे, हा काय तुमचाच कागद.

मग तू आलीस. बुधवारी दुपारी मीटर लावलास, दोनशे पासष्ट व्होल्ट, हवं म्हणे दोनशे तीसच्या आसपास. रविवारी त्याच वेळी लावलास, दोनशे छत्तीस. म्हणालीस, कामाच्या दिवशी टॉवरमधले सगळे ऑफिसला, गच्चीवरची वीज खायला कोणी नाही, मग ती उलटी तारेत शिरते आणि व्होल्टेज चढतं. रविवारी एसी चालतात, ती वरच्यावर संपते. म्हणजे पंगत उठली तरी वाढपी वाढतोच आहे आणि तारेच्या टोकाला, शेवटच्या पानावर मी, असंच ना? थोडं कळलं, थोडं नाही. ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उतरवता येतं म्हणे, मग उतरवत का नाहीत?

सोलर काढा असं मी म्हणत नाही, ऊन सगळ्यांचंच. पण टॉवरवाल्यांनो, हे वाचताय ना, तर कामाच्या दिवशी दुपारी एक वाजता खाली उतरा, माझ्या खोलीतला मीटर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि माझ्या नव्या तक्रारीवर त्या आकड्याखाली सही करा. चहा मी टाकते.