नानांवर एकच पुस्तक

आता शेषगिरीनं मला हे कन्नडमध्ये विचारलं की मराठीत, ते काही छातीठोकपणे सांगता यायचं नाही... अलीकडे आठवणीचा भरवसाच वाटत नाही... पण विचारलं ते भलतंच! "सर, नाना फडणविसांवर एकच पुस्तक सांगा." एकच! तुम्हीच सांगा, जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असं कुणी विचारतं?

शेषगिरी म्हणजे मळमड्डीतला माझा शेजारी. त्याच्या मुलीला, श्रीनिधीला, मेणवलीचं स्थळ आलेलं. मुलगा चांगला, पण मुलाचे वडील यशवंतराव पडले नानांच्या गावचे! फोनवरच म्हणाले, "आलो की नानांवर बोलू या!" आधीची दोन स्थळं हातची गेलेली, शेषगिरीला घाम फुटला. "ओंदे पुस्तक हेळ्री, सर! हेही गेलं तर कुसुम मला घरात घ्यायची नाही."

सांगितलं हो एक! सांगितलं आणि झोप उडाली. लेखक नानांचा भक्त! सकाळी लुंगीवरच धावलो, म्हटलं, वाचा, पण विश्वास ठेवू नका, उतारा म्हणून हे दुसरं घ्या. दुसरा असा चिडलेला, की सवाई माधवरावांच्या मृत्यूचं सगळं पाप नानांच्या माथी! मग? मग मूळ पत्रं. ती मोडीत! शेषगिरीला दुकानाची मराठी पाटी वाचताना धाप लागते, तो मोडी काय वाचणार? हात जोडले त्यानं. "साक् री सर, पुरे! एकच म्हटलं होतं की हो!"

पाहुणे आले. उप्पिट-शिरा झाला. शेषगिरी पाठ केल्यासारखा म्हणाला, "नाना थोर मुत्सद्दी." यशवंतराव खूश! इथं मी गप्प बसायचं की नाही? पण तोंडून निघालंच, "पण..." अहो, तो 'पण' सुटला तो थेट खर्ड्याच्या लढाईपर्यंत, कॉफी गार, यशवंतराव तोंड उघडतात तोवर माझा पुढचा संदर्भ तयार, कुसुमवहिनी डोळे वटारताहेत, आणि मला थांबताच येईना! पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. शेषगिरी एवढंच म्हणाला, "एकच पुस्तक विचारलं होतं, सर..."

महिनाभर मी मागच्या दारानं ये-जा केली. आणि काय सांगू, होकार आला! मुलाची आई म्हणाली म्हणे, "पोरगी मान खाली घालून ऐकत होती, एक जांभई नाही! आमच्या ह्यांच्यापुढे हिचाच निभाव लागेल." वर्षानुवर्षं मी त्याच वाक्यावर जगलो हो... एक तरी श्रोता मिळाला!

गेल्या दिवाळीला श्रीनिधी माहेरी आलेली. म्हटलं, बाळ, त्या दिवशीचं माझं काय पटलं तुला? "काका, रागावणार नाही ना? केसांखाली कानात वायर होती. मॅच ऐकत होते."

मूळ साधन पाहिल्याखेरीज विश्वास ठेवायचा नाही, ही माझी जुनी खोड. वाचनालयात गेलो, त्या वर्षीचे पेपर काढले. मॅच होती. शेवटच्या चेंडूपर्यंत गेलेली... मीसुद्धा तीच ऐकली असती.