उलटा पिस्टन

हॅलो?… कोण, ओपल? बोल गं… नाही, मोकळीच आहे. बीन्स ओव्हनमध्ये टाकलेत आणि खिडकीपाशी उभी राहून तमाशा बघतेय… तुझ्या दाजींचा, आणखी कुणाचा? आज शनिवार ना. इंजिनाची करवत चालू करतोय अंगणात.

तीन महिने, बाई. तीन महिने जेवायचं टेबल अडवून बसला होता… अगं, जुनी करवत डार्लीननं विकली ना उन्हाळ्यात. डॉक्टर म्हणाले हात थरथरतात, मशीन हाती देऊ नका. पोरीनं बापाला विचारलंसुद्धा नाही, अंगणात जुन्या कोटांशेजारी विकायला मांडली आणि दिली कुणालातरी… तर ह्यानं काय करावं? टपालानं खोकं मागवलं. आख्खी चेनसॉ, पण सुटी. कंपनीचे पार्ट नव्हेत, कुठले तरी बाहेरचे. घरी बसा आणि जोडा… हो, हो… अगं ऐक ना.

पैज कसली, करारच झालाय. तोच म्हणाला, ‘ग्लेनिस, ही माझ्या हातानं जोडून चालवून दाखवली तर मरेपर्यंत इथंच राहायचं. नाही चालली तर त्याच दिवशी सही करतो. जंगल विकू, घर विकू, बँगोरला डार्लीनशेजारी राहू.’… लेखी नाही, पण मर्लचा शब्द म्हणजे शब्द. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तुला माहितेय.

सातव्यांदा ओढली दोरी. आता कंबर धरून उभा आहे… हसू नको तर काय करू? तूही हसलीसच की.

नाही चालायची, ओपल… कारण मला माहितेय म्हणून. आधी शपथ घे, डार्लीनला सांगायचं नाही… पिस्टन उलटा बसवलाय त्यानं.

हो, बाण. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण. बाबांच्या इंजिनं दुरुस्त करायच्या दुकानात आपण फ्रॉक घालत होतो तेव्हापासून काय घोकलं? बाणाचं तोंड सायलेन्सरकडे. ह्याचं कार्बुरेटरकडे… त्याला काय कळतंय. चाळीस वर्षं झाडं पाडली, पण इंजिन बिघडलं की बाबांच्या पुढ्यात आणून टाकायचा.

समोरच होते मी. बटाटे सोलत होते. चष्मा कपाळावर, हात लटपटतायत, जिभेचं टोक बाहेर काढून रिंगा दाबतोय. बसला एकदाचा आत, तसा माझ्याकडे बघून हसला… मीही हसले.

का म्हणून सांगू?… ठाऊक आहे, बाबांनी थोबाडीत दिली असती. बाबा गेले.

थांब. थांब, थांब… ऐकू येतंय तुला? चालू झाली गं.

…हो, चालते की थोडा वेळ. विसरलीस? रिंगेचं टोक सिलिंडरच्या भोकात अडकेपर्यंत चालते, मग एकदम मरते. टोपी काढून मला दाखवतोय बघ. मी पण हात केला… मग काय तोंड फिरवू?

निघाला ओंडक्याकडे. नव्या करवतीची पहिली चकती कापणार, आठवण म्हणून ठेवायला. तुझ्या लेस्टरनं दिली होती ना तुला, तारीख घालून? तीच हौस… कापतोय. अर्ध्यापर्यंत गेलाय. सरळ कापतोय पण, खरंच सरळ…

ऐकलंस? गेली. बंद… दोरी ओढतोय, पण दोरी येतच नाही. चकतीही पडली नाही, तशीच लोंबतेय ओंडक्याला.

अगं ओरडू नकोस. दुसरा पिस्टन आठवड्यात येतो, हे मलाही कळतं. मग तो नीट बसवेल, मग चालेल, आणि मी?… मागच्या जानेवारीत घोटा मोडला तेव्हा तीन दिवस बर्फानं रस्ता बंद, तशीच पलंगावर पडले होते. हा काय म्हणाला माहितेय? ‘घाबरू नको, लाकडं भरपूर आहेत.’ एक्केचाळीस हिवाळे त्या चुलीत लाकडं कोंबली मी. मला इथं मरायचं नाही, ओपल. नाही म्हणजे नाही.

आला, आला… मर्ल, बूट बाहेर काढ, चिखल आहे… ओपल आहे फोनवर.

काही नाही, खुर्चीत बसलाय. हात मांडीवर उताणे ठेवून… हो, रडतोय थोडासा.

तू धर जरा… काय म्हणालास, मर्ल?… हो, वाढले मी त्या दुकानात, मग?… मला काही चुकलेलं दिसलं होतं का?

नाही रे. सगळं बरोबर बसवलं होतंस. तुझे हातच पहिल्यासारखे राहिले नाहीत आता.

…हॅलो? ओपल?… ओपल?

ठेवला वाटतं… काही नाही, मर्ल. तुझीच चौकशी करत होती.