काचेची दुसरी बाजू

(कुंभिवलीतलं काचेचं दुकान. टेबलावर आडवी ठेवलेली जाड काच.)

ओमकार : वहिनी, हात काढा काचेवरून. कडावच्या डेअरीचा हरेश संध्याकाळी टेंपो घेऊन येतोय. दाराच्या मुठीचं एवढं एकच भोक राहिलंय.

छाया : अर्धं राहिलंय. अर्धं ह्यांनी पाडलेलं आहे.

ओमकार : म्हणून तर म्हणतो. एकाच बाजूनं आरपार गेलं तर खालून टवका उडतो. कमलेशदादानंच शिकवलं मला. अर्धं हिकडून, मग उलटायची, अर्धं तिकडून.

छाया : आणि उलटायच्या आधी ते चहाला म्हणून रस्ता ओलांडायला गेले. समोरून ट्रक आला.

ओमकार : तेरावा होऊन गेला, वहिनी.

छाया : हरेशला दुसरी काच द्या. हे काम अपुरं आहे तोवर ते कामावरच आहेत, एवढंच मला उरलंय. स्मशानात मडक्याला भोक पाडताना तुमचा हात थांबला नाही, भावोजी. इथे थांबवा.

ओमकार : मडकं फुटायसाठीच असतं. काच तशी नसते.

छाया : माणूस?

ओमकार : काम असंच ठेवायचंय, म्हणून रोज आळ्यात पाणी भरता काय?

छाया : कसल्या आळ्यात?

ओमकार : ह्या भोकाभोवतीच्या, मातीच्या. ड्रिलचं बीट तापू नये म्हणून दादानं केलेलं. एका दिसात सुकून भेगाळायला पायजे. पण रोज शटर उघडतो, तर काठोकाठ.

छाया : मी त्या दिवसानंतर आज प्रथमच दुकानात पाऊल टाकलंय. मला वाटलं, पाणी तुम्हीच घातलंत.

ओमकार : मी नाय. आणि चावी माझ्या कमरेला असते.

छाया : (आळ्यात बोट बुडवून) आजही काठोकाठ आहे.

ओमकार : चला घरी. हरेशला दुसरी देतो.

छाया : थांबा. ही काच उलटायला माणसं किती लागतात?

ओमकार : दोन. एकट्यानं उचलली तर लवते, तडकते.

छाया : म्हणजे ते खोळंबलेत. आणि खोळंबवलंय मी. धरा ती कड.

ओमकार : तडा गेला तर दादाचं अर्धंबी जाईल.

छाया : जाईल तर जाईल. नवं आळं मी करते, पाणीही मीच घालते. तुम्ही फक्त घाई करू नका.

ओमकार : (काच उलटून, नव्या आळ्यात ड्रिल लावून) वहिनी, मी दाबतच नाय. बीट आपसूक उतरतंय.

छाया : उतरू द्या.

ओमकार : दोन्हीकडची भोकं मिळाली. तडा नाय कुठं. ही घ्या मधली चकती. अर्धी जाडी त्याची, अर्धी माझी.

छाया : कोमट आहे.

ओमकार : घासल्यानं होते तशी.

छाया : माहीत आहे. निवेपर्यंत हातात राहू द्या.